फायटर माशाची बाटली

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानांत फायटर मासा बहुधा छोट्या बाटलीत नाहीतर प्लास्टिकच्या पेल्यात विकायला ठेवलेला असतो. गप्पी, गोल्डफिश, एंजल टाकीत घोळक्याने फिरतात. हा मात्र एकटा, पाव-अर्धा लिटर पाण्यात. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘त्याला एवढेच पाणी पुरते.’ या बाटलीचे मूळ माशाच्या गरजेत नाही. माझ्या मते ते सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, जुगारात आहे.

थाई भाषेत याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावरा मासा. मूळचा रानटी मासा मध्य थायलंडच्या भातखाचरांतला आणि कालव्यांतला, आखूड पंखांचा, मळकट तपकिरी-हिरवा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसाने त्याला पाळायला लागून किमान हजार वर्षे झाली. रंगासाठी नव्हे, तर झुंजीसाठी. खाचरातले दोन नर भिडले तर बहुतेक वेळा काही मिनिटांत एक जण माघार घेतो. पैजा लावणाऱ्यांना ते परवडणारे नव्हते. म्हणून माघार न घेणारे नर निवडून त्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या होत गेली आणि शेवटी तासन्‌तास लढणारा मासा तयार झाला.

या माशाची शास्त्रीय नोंद आपल्या कलकत्त्याशी जोडलेली आहे. थिओडोर कॅंटर हा डॅनिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत होता. १८४० साली सयामच्या राजाने, म्हणजे तिसऱ्या रामाने, आपले काही मासे एका गृहस्थाला दिले आणि त्याच्याकडून ते कॅंटरकडे आले. त्याने या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले ते १८४९ मध्ये. झुंजी भरवण्याचे परवाने दिले जात आणि त्यातून राजाला चांगला महसूल मिळे, असे तो लिहितो. लोक पैसाच नव्हे, तर कधी स्वतःला आणि बायकामुलांनाही पणाला लावत, हेही त्यानेच नोंदवले आहे. त्याने दिलेले नाव मात्र दुसऱ्याच माशाचे निघाले. १९१० मध्ये टेट रेगन याने ‘बेटा स्प्लेंडेन्स’ हे नाव दिले, तेच आजही चालते.

प्राण्यांना एकमेकांवर भडकवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केल्याची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. तरीही सयामी जुगाऱ्यांकडे बोट दाखवण्यात आपण फार पुढे होऊ नये. लखनौच्या नवाबी काळात बटेर आणि कोंबडे लढवण्याचा शौक किती होता, ते अब्दुल हलीम शरर यांनी तपशिलाने लिहून ठेवले आहे. लढवणारे बहुतेक कलमा पढणारेच होते.

पाळणे वेगळे. अबू उमैर या लहान मुलाचा नुगैर पक्षी मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची प्रेमाने विचारपूस केली. या एका प्रसंगावरून इब्नुल कास या शाफिई फकीहाने साठ मुद्दे काढले. त्यावरून बहुतेक फकीह पाळण्याची मुभा सांगतात. पण मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही त्याच परंपरेत आहे. तिने मांजर कोणाशी लढवले नव्हते. फक्त कोंडले होते.

बाटलीचा प्रश्न इथेच येतो. लढाऊ नर वेगळे ठेवावे लागतात. थायलंडमध्ये त्यासाठी व्हिस्कीच्या चपट्या बाटल्या ओळीने लावायची पद्धत पडली. विसाव्या शतकात हा मासा युरोप-अमेरिकेत शोभेचा झाला आणि त्याच्या पंखांची व रंगांची निवड सुरू झाली. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या तुरुंगात एका कैद्याने बरण्यांमध्ये पैदास करताना त्याला ठिपकेदार ‘मार्बल’ मासे मिळाले, हा किस्सा या छंदाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. (कैद्याच्या कोठडीत कैदी मासा!) आखाडा गेला, बाटली राहिली.

त्या बाटलीला आधार म्हणून शरीरशास्त्र पुढे केले जाते. या माशाच्या डोक्यात ‘लॅबिरिंथ’ नावाचे इंद्रिय असते, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. कमी प्राणवायूच्या पाण्यात तो तगतो हे खरे. पण त्याच्याच विष्ठेतून पाण्यात साठणाऱ्या अमोनियावर हे इंद्रिय काय करणार? खाचराचे पाणी उथळ असते, पण दूरवर पसरलेले असते. एका नराला साधारण वीस लिटरची टाकी, मंद फिल्टर, २४ ते २८ अंश तापमान, उडी मारतो म्हणून झाकण आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलणे, एवढे लागतेच. मुंबईत निभावते, पण पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर हवा. पाण्यात बदामाचे वाळके पान टाकायची थाई पद्धत चांगली आहे. मोठ्या पानांचा हा बदाम आपल्याकडे रस्तोरस्ती असतो. पान फवारणी न झालेल्या झाडाचे घ्यावे.

पैदास करायची असेल तर जोडी डोळे उघडे ठेवून निवडावी. ‘ड्रॅगन’ प्रकारात जाड खवले कधी कधी डोळ्यांवर वाढून मासा आंधळा होतो. अतिलांब पंखांचा नर पोहताना दमतो, पंख फाटतात. असे मासे जोडीला लावू नयेत, मग ते कितीही देखणे असोत. नर बुडबुड्यांचे घरटे करतो, खाली पडणारी अंडी तोंडात उचलून त्यात ठेवतो. अंडी देऊन झाली की मादीला बाहेर काढावे, नाहीतर तोच तिला मारतो. दीडेक दिवसात पिल्ले निघतात. ती स्वतंत्र पोहू लागली की नरालाही हलवावे.

एका वेळी दोनशे-तीनशे पिल्ले सहज निघतात. त्यांतली निम्मी नर धरली, तर दोन-तीन महिन्यांत शंभरावर मासे एकमेकांना फाडू लागतात आणि प्रत्येकाला वेगळी जागा लागते. ती आधी मोजावी, घेणारी घरे आधी विचारून ठेवावीत, आणि जोडी त्यानंतर एकत्र सोडावी.