गवताखालच्या खाणी

आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील कोळसा खाणीत होते. त्यामुळे खाण म्हटलं की आपल्याला भोंगा, पाळी आणि कपड्यांवरची काळी धूळ आठवते. पण यंत्रं येण्याआधीची खाण कशी असेल? तिच्या खुणा मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये असताना पाहिल्या.

श्रॉपशायर परगण्यात क्ली नावाच्या टेकड्या आहेत. सर्वांत उंच माथा ५४० मीटर. वर डोलेराइटचा थर, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा भाऊबंद, आणि त्याखाली कोळसा. मध्ययुगापासून लोक तो काढत आले. तिथल्या कॅथर्टन गायरानात आज मेंढ्या चरतात. गवतात जागोजागी गोल खळगे दिसतात, भोवती मातीचा उंचवटा.

या खाणींना 'बेल पिट' म्हणतात. कोळसा वरच असेल तिथे विहिरीसारखा अरुंद खड्डा खणायचा. थर लागला की तळाशी चहूबाजूंनी पोखरायचं. आतला आकार घंटेसारखा होई. माल दोरीने वर ओढायचा. छत ढासळेल असं वाटलं की खड्डा सोडायचा आणि थोड्या अंतरावर दुसरा खणायचा. त्यामुळे कोळशाचा थर जिथे वर येतो, तिथे खळग्यांची रांगच दिसते.

विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजतात, त्याला लायडार म्हणतात. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने ही माहिती सर्वांना खुली केली आहे. मी संगणकावर तिच्यातली झाडंझुडपं वगळली, तेव्हा झाकलेले खळगेही उघडे पडले. खड्डे मोजता आले. खणणाऱ्यांची नावं मात्र कुठल्याच यंत्रात सापडत नाहीत.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याची खाण इंग्रजांच्या काळात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. आता खुल्या खाणींचा जमाना आहे. त्यात वरची जमीनच उचलली जाते, मग जुन्या खुणा राहणार कुठे? उरतात त्या माणसांच्या आठवणी. आपले आईवडील आता सत्तरी-ऐंशीत आहेत. खाणीत उतरताना काय सोबत न्यायचे, कोणत्या आवाजाला घाबरायचे, हे त्यांनाच ठाऊक.

मित्रमैत्रिणींनो, दिवाळीपर्यंत प्रत्येकाने घरी विचारून एक पान लिहावं, नावागावासकट. सर आणि बाईंनी पूर्वीसारखं तपासून द्यावं. संगणकावर जपून ठेवायची जबाबदारी माझी.