शब्द गेले, माणूस राहिला

घरांतील एखाद्या वृद्ध गृहस्थास ‘पाणी’ हा शब्द आठवेनासा झाला म्हणजे मंडळी हळहळून म्हणतात, “यांची बुद्धि गेली.” वाणी आणि बुद्धि हीं एकच, असा आपला पूर्वापार समज आहे. वैद्यकशास्त्रानें तो कसकसा टाकून दिला, याचा इतिहास लहानसाच आहे. परंतु ज्या घरांत वडील माणसें आहेत, त्या घरास तो ठाऊक असावा, असें आम्हांस वाटतें.

१८६१ सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या रोग्यास ‘टॅन’ या अक्षरापलीकडे जवळजवळ कांहीं बोलतां येत नसे. दुसऱ्याचें बोलणें मात्र त्यास बरेंचसें समजे. मरणोत्तर तपासणींत त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढील भागीं, विकृति आढळली. पुढें १८९२ सालीं प्राग येथील आर्नोल्ड पिक यानें, हळूहळू वाचा व बुद्धि गमावीत गेलेल्या एका वृद्धाचे वर्णन लिहिलें. शेवटीं १९८२ सालीं अमेरिकेंत मेसुलम यांनीं असे सहा रोगी दाखविले कीं, ज्यांची वाचा क्रमाक्रमानें क्षीण होत होती, पण इतर बुद्धि दीर्घकाळ शाबूत होती.

या दुखण्याची करुण बाजू पाहावयाची तर फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेल याचीं अखेरचीं वर्षें पाहावीं. १९२८ सालीं ‘बोलेरो’ रचणाऱ्या या पुरुषास १९३३ च्या सुमारास पत्र लिहिणें, किंबहुना स्वतःची सही करणें, जड जाऊं लागलें. ज्ञान दार्कवरील संगीतनाटक त्याच्या मनांत घोळत होतें. तें कागदावर उतरेना. आलाझुआनिन या वैद्यानें त्याची परीक्षा केली व १९४८ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. ओळखीचें संगीत रावेल तत्काळ ओळखी. वाजविणाऱ्याची बारीकशी चूकही त्याच्या कानांतून सुटत नसे. परंतु स्वरलिपि वाचणें आणि लिहिणें त्यास फार कठीण झालें होतें. रसिक जागा होता, त्याचें दार मात्र बाहेरून बंद झालें होतें! १९३७ च्या डिसेंबरांत मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर तो वारला. त्याच्या रोगास नेमकें काय नांव द्यावें, याविषयीं तज्ज्ञांत अद्यापि एकमत नाहीं. त्याच्या हातांची हुकमतही गेली होती, हेंही विसरतां कामा नये.

आतां रोजच्या व्यवहाराचें पाहूं. १९६३ सालीं कॅट्झ यांनीं स्नान, वस्त्र, शौच, भोजन इत्यादि सहा गोष्टींवरून वृद्धाचें स्वावलंबन मोजण्याची रीत घातली. १९६९ सालीं लॉटन व ब्रोडी यांनीं टेलिफोन, बाजारहाट, स्वयंपाक, औषधें, पैशांचा हिशेब अशीं अधिक गुंतागुंतीचीं कामें मोजण्यास आरंभ केला. परंतु यांतील टेलिफोन सर्वस्वी शब्दांच्या आधारानें चालतो, भाजी चिरणें तसें नव्हे. म्हणून केवळ बेरजेवर विसंबलें तर मुका झालेला मनुष्य निर्बुद्ध ठरावयाचा! या वाचाक्षयांत पहिलीं सुमारें दोन वर्षें व्यवहारांतील अडचण मुख्यतः भाषेमुळेंच उत्पन्न होते, असें मेसुलम यांच्या व्याख्येंत होतें. कालांतरानें दुखणें पसरतें व इतर शक्तींनाही ग्रासतें, हें खरें. रोग समूळ बरा करणारें औषधही नाहीं. पण हातीं असलेला तो मधला काळ कांहीं थोडा नव्हे.

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांस ‘तांब्या’ हें नांव आठवत नसे. तरी आम्ही गेलों कीं ते स्वतः उठून तांब्या भरून आणीत व पेला पुढें ठेवीत. घरचीं माणसें मात्र त्यांच्यादेखत त्यांच्याविषयीं असें बोलत, जणुं काय ते तेथें नाहींतच. त्या वेळीं त्यांची मान खालीं जाई, ती आम्हीं पाहिली आहे. हा इतिहास तेव्हां आम्हांस ठाऊक असता, तर त्या मंडळींस आम्ही एवढेंच सांगितलें असतें: यांच्याशीं सावकाश बोला, उत्तराची वाट पाहा, आणि जें काम त्यांच्या हातांना येतें तें त्यांच्या हातून काढून घेऊं नका.