बोया : शब्द आणि वस्तु

कोंकणच्या किनाऱ्यावर जाळें किंवा नांगर पाण्यांत सोडल्यानंतर त्याची जागा पुन्हां सांपडावी म्हणून पृष्ठभागावर जी तरंगती खूण ठेवितात, तिला ‘बोया’ म्हणतात. वस्तु अगदीं साधी. घरच्या घरीं, बहुधा टाकाऊ सामानांतून, जवळजवळ विनाखर्च तयार होणारी. ताम्रपट, शिलालेख, महजर आणि बखरी यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांना ती संशोधनाचा विषय होण्याच्या योग्यतेची वाटणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि या क्षुल्लक वस्तूच्या नांवांत एक ऐतिहासिक वाद दडलेला आहे. ‘बोया’ हा शब्द मूळचा मराठी नव्हे. पोर्तुगीज भाषेंतील ‘बोइया’ या शब्दाशीं त्याचें साम्य उघड आहे. त्यावरून ही युक्तिहि पोर्तुगीजांनींच आमच्या कोळी बांधवांस शिकविली असें अनुमान सहज निघतें. तें कितपत टिकतें याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

(१) प्रथम शब्दाचा विचार करूं. इंग्रजींतहि याच अर्थाचा ‘बॉय’ शब्द आहे, आणि इंग्रजी व पोर्तुगीज हे दोन्ही शब्द युरोपांतील एकाच जुन्या मुळाचे आहेत. मग मराठी शब्द इंग्रजीवरून कां नसावा, अशी शंका कोणी घेईल. परंतु मराठी रूप आकारान्त आहे व तें पोर्तुगीज रूपाशीं अधिक जुळतें. शिवाय इतिहासहि याच बाजूस झुकतो. गोवें इ. स. १५१० त पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, वसई इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादूरशहाकडून त्यांना मिळाली, आणि ती इ. स. १७३९ त चिमाजीअप्पांनीं जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडेच होती. म्हणजे उत्तर कोंकणच्या किनाऱ्याशीं त्यांचा २०५ वर्षांचा संबंध. या दीर्घ सहवासांत समुद्रावरचे शब्द एका भाषेंतून दुसरींत गेले नसते तरच नवल. पाणी भरण्याचें ‘पीप’ हा शब्दहि पोर्तुगीज ‘पिपा’ वरूनच आलेला आहे. आणि पुढें दाखविल्याप्रमाणें पिपाचा व बोयाचा संबंध निकटचा आहे. सारांश, शब्द पोर्तुगीजांकडून आला, असें मानण्यास हरकत दिसत नाहीं.

(२) परंतु शब्द परका म्हणून वस्तुहि परकी, हा न्याय सर्वत्र लागू पडत नाहीं. बटाटा हा शब्द व तें कंद, दोन्ही परदेशांतून आलीं, हें खरें. उलट ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज. म्हणून पोर्तुगीज येण्यापूर्वीं आमच्या कुलुपांना किल्ल्या नव्हत्या काय? ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज. म्हणून त्यापूर्वीं चाकरास वेतन मिळत नव्हतें असें कोणी म्हणेल काय? वेतन होतें, मुशाहिरा होता, आणि त्यांचे कागदहि विपुल आहेत. नवा शब्द पुष्कळदां जुन्या वस्तूच्या अंगावर नव्या अंगरख्यासारखा चढतो व जुनें नांव मागें पडतें. यास्तव बोयाच्या बाबतींत शब्द बाजूस ठेवून वस्तूचाच माग काढला पाहिजे.

(३) संस्कृत कोशांत ‘तरण्ड’ असा एक शब्द आहे. त्याचे अर्थ नौका व तराफा असे दिले आहेत; परंतु त्यांबरोबरच गळाच्या दोरीस बांधलेलें तरंगतें लाकूड, असाहि एक अर्थ कोशकारांनीं नोंदिला आहे. या एका अर्थानें आमचें बरेंच काम होतें. दोरीचें एक टोंक पाण्याखालीं, दुसऱ्यास हलकें लाकूड, आणि वरच्या लाकडावरून खालची स्थिति ओळखावयाची, हेंच बोयाचें तत्त्व होय. गळाचें लाकूड मासा लागल्याची वर्दी देतें, बोया जाळ्याच्या जागेची वर्दी देतो. भेद आकाराचा व उपयोगाचा आहे, कल्पनेचा नाहीं.

गळानें मासे धरण्याची विद्या या देशांत किती पुढें गेलेली होती याचें प्रमाण कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत आहे. हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्याच्या चवथ्या विंशतींत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण असून त्यांत माशांच्या जाति, त्यांस घालावयाचें खाद्य, काठी, दोरी व गळ यांचें वर्णन आलें आहे. पोर्तुगीज जहाजें या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं पावणेचारशें वर्षें राजाच्या विनोदासाठीं ज्या विषयावर शास्त्र रचलें जात होतें, त्या विषयांत पोटासाठीं राबणारा कोळी अगदींच अडाणी होता असें समजणें युक्तीस धरून नाहीं. हा पुरावा प्रत्यक्ष बोयाचा नव्हे, त्याच्या परिसराचा आहे, एवढें मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

(४) दुसरा पुरावा आपल्या नित्याच्या बोलण्यांतच आहे. दोन गोष्टींची ‘सांगड घालणें’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतों. परंतु सांगड म्हणजे मूळांत एकत्र बांधलेले भोपळे, ओंडके किंवा होड्या यांचें तरण्याचें साधन, हें आतां थोड्यांच्या ध्यानीं असतें. संतवाङ्मयांत भवनदी उतरून जाण्याच्या रूपकांत ही सांगड वारंवार येते. रूपक लोकांस समजावयाचें तर वस्तु लोकांच्या परिचयाची असली पाहिजे, हें उघड आहे. देशावरील नद्यांतून भोई लोक वाळलेल्या भोपळ्यांच्या आधारानें पाण्यांत उतरत. आणि पाठीस भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरींत पोहावयास शिकण्याची चाल तर गांवोगांव होती. हवेनें भरलेली पोकळ वस्तु किंवा हलकें लाकूड भार तोलून धरतें, हें ज्ञान आमच्याकडे घरोघर होतें. त्यास दोरी व धोंडा जोडण्यासाठीं लिस्बनहून गुरु येण्याची आवश्यकता नव्हती.

(५) तिसरा पुरावा द्रव्याचा. युरोपांत या कामीं बुचाच्या झाडाची साल वापरीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें नांगराच्या दोरास व कोळ्यांच्या जाळ्यांस बूच लावीत असल्याचें लिहिलें आहे. आणि दुसऱ्या शतकांतील ग्रीक प्रवासी पॉसेनियस यानेंहि आर्केडिया प्रांताच्या वर्णनांत हीच गोष्ट सांगितली आहे. बुचाचें झाड पोर्तुगालांत विपुल, आमच्याकडे मुळींच नाहीं. बोयाची विद्या पोर्तुगीजांकडूनच आली असती, तर आमच्या जुन्या साधनांत बुचाची किंवा त्याच्या नकलेची कांहीं तरी परंपरा दिसावयास हवी होती. प्रत्यक्षांत आमच्याकडील द्रव्यें सर्वस्वीं देशी आहेत. बाशिंगें ज्याचीं करितात तें भेंड, पोहणाराच्या पाठीचा पांगारा, वाळलेला भोपळा आणि दोरासाठीं नारळाचा काथ्या. एकास परकें द्रव्य मिळालें नाहीं म्हणून त्यानें देशी द्रव्य घेतलें, हें एखाद्या वस्तूच्या बाबतींत संभवेल. पण द्रव्यांची सगळी मालिका व तीं तयार करण्याची रीत देशी असतां मूळ कल्पना मात्र परकी, हें मानण्यास सबळ कारण पाहिजे.

(६) आतां बोयाच्या रचनेकडे वळूं, कारण तिच्यांतच या वस्तूचें खरें कौशल्य आहे. बोयाचे अवयव तीन : वर तरंगणारा भाग, मधला दोर, आणि तळाशीं धोंडा किंवा नांगर. तरंगणाऱ्या भागानें दोराचें ओझें उचलून शिवाय पाण्याच्या वर दिसलें पाहिजे. पांच लिटरांचा रिकामा डबा पुरा बुडाला तर पांच किलोंहून किंचित् अधिक वजनाचें समुद्राचें पाणी बाजूस सारतो. तेव्हां त्याचें स्वतःचें व दोराचें वजन वजा जातां जें उरेल तेवढाच भार तो पेलील. दोर पाण्याच्या खोलीहून आंखूड असून चालत नाहीं. मुंबईच्या बाजूस मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींतील अंतर चार मीटरांहून अधिक होतें. भांगाच्या दिवसांत तें बरेंच कमी असतें. ओहोटीस बेतलेला दोर भरतीस बोयाला पाण्याखालीं ओढून नेतो, आणि फार सैल दोर बोयाला जागेवरून दूर भरकटवितो. म्हणून दोराचे वाव मोजतांना कोळी पंचांगाची तिथि पाहतो, हें आमच्या पंचांगकर्त्यांसहि कळावयास हवें.

द्रव्याचीहि परीक्षा असते. भेंड व पांगारा हलके खरे, पण पाणी पितात. म्हणून त्यांस वरचेवर काढून उन्हांत वाळवावें लागतें. भोपळा पाणी पीत नाहीं, पण फुटतो. म्हणून जून झालेला भोपळा निवडून, आंतील गर व बिया काढून, तोंड घट्ट बुजवावें लागतें. मोठ्या भारास यांपैकीं एकहि पुरत नाहीं. उत्तर कोंकणांत ओहोटी-भरतीच्या ओढींत तोंड उघडें ठेवून जी ‘डोल’ नांवाची पिशवीसारखी जाळी लावितात, तिला पाण्याचा जोर फार. तिच्यासाठीं लाकडी पिपें तरंगतीं ठेवण्याची चाल पडली. येथें पोर्तुगीजांचें ऋण मान्य करणें न्याय्य होईल. पीप हें नांव त्यांचें, आणि दारूची व पाण्याची पिपें घेऊन येणाऱ्या जहाजांमुळें रिकामें पीप किनाऱ्यावर सुलभ झालें असणें संभवतें. म्हणजे परकीयांनीं कल्पना दिली नाहीं. एक मोठें, टिकाऊ व टाकाऊ भांडें दिलें, आणि त्याबरोबर नांव दिलें. ‘बोया’ शब्द रूढ होण्याची उपपत्ति याहून सोपी आम्हांस सुचत नाहीं.

(७) हीच रीत पुढेंहि चालू राहिली. बोया नेहमीं त्या त्या काळच्या टाकाऊ वस्तूचा होतो. भोपळ्याच्या जागीं पीप आलें, पिपाच्या जागीं पत्र्याचें पिंप, आणि इ. स. १९५० नंतरच्या काळांत प्लॅस्टिकचे डबे, बाटल्या व थर्माकोलचे ठोकळे आले. थर्माकोलमधून बांबूची काठी आरपार घालून, खालच्या टोंकास वजन व वरच्या टोंकास रंगीत फडकें बांधिलें कीं झाला निशाणाचा बोया. खालचें वजन काठी उभी ठेवतें, फडकें लाटेच्या वर दुरून दिसतें, आणि त्याच्या रंगावरून जाळें कोणाचें हें कळतें. आमच्या कागदांवर शिक्क्याचें जें स्थान, तेंच समुद्रावर या फडक्याचें.

ही मालकीची खूण केवळ कौतुकाची बाब नाहीं. खूण तुटली कीं जाळें हरवतें. आणि काथ्याचें वा सुताचें जाळें कालांतरानें कुजून जात असे, पण नायलॉनचें जाळें वर्षानुवर्षें तळाशीं मासे मारीत राहतें. थर्माकोलचा ठोकळा झिजून त्याचे कण पाण्यांत मिसळतात, ही निराळीच हानि. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीनें इ. स. २०१८ त मासेमारीच्या साधनांवर ओळखीची खूण असावी यासाठीं मार्गदर्शक नियम मान्य केले. जी गोष्ट आमचा कोळी फडक्याच्या तुकड्यानें करीत आला, तिचेंच महत्त्व जगाच्या सभेंत आतां मान्य झालें आहे.

(८) येणेंप्रमाणें आमचा निष्कर्ष असा कीं, ‘बोया’ हा शब्द पोर्तुगीज, पण वस्तु देशी. पिपाचा उपयोग मात्र परकीयांच्या संसर्गाचा. हा निष्कर्ष शब्द, वाङ्मय व द्रव्य या तीन साक्षींवर उभा आहे. यांतील तिसरी साक्ष सर्वांत बळकट, आणि तीच सर्वांत लवकर नष्ट होणारी आहे. कागद दोनशें वर्षें दप्तरांत टिकतो. भेंडाचा बोया चार पावसाळेहि टिकत नाहीं, आणि त्याचें जुनें नांव तो बनविणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर जातें. उद्यां एखाद्या किनाऱ्यावरील महजरांत किंवा जकातीच्या यादींत असें एखादें नांव आलें, तर संपादकास त्यापुढें प्रश्नचिन्ह घालण्यावांचून गति राहणार नाहीं. पोथ्या वांचविण्यासाठीं आपण जे श्रम करितों, त्यांतील अल्पांश या अलिखित साधनांकडे वळला पाहिजे.

म्हणून किनाऱ्याजवळ राहणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे. कागदांच्या शोधार्थ कोळीवाड्यांत जाल तेव्हां अडगळींत पडलेला जुना बोया, जाळ्याचें लाकूड, धोंड्याचा नांगर हींहि पाहावींत. वस्तूचें स्थानिक नांव, गांव, द्रव्य, माप, दोराचे वाव आणि मालकीची खूण एवढ्या सहा गोष्टी त्याच दिवशीं टिपून ठेवाव्यात, व जमल्यास वस्तूचें चित्र काढावें. ‘बोया’ या शब्दाच्या खालीं कोणतें जुनें मराठी नांव बुडून गेलें आहे, हें अशा टिपणांवरूनच कळण्याचा संभव आहे.