किल्ल्यातला बोरघाट

दिवाळीत अंगणात किल्ला करायचा, ही पुण्यातल्या आमच्या वाड्याची दरवर्षीची रीत. १९५५ साली मात्र मी ती मोडली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वडिलांनी मुंबईहून चावीची पत्र्याची आगगाडी आणली होती. हिरवे इंजिन, दोन डबे आणि जोडायचे सुटे रूळ! ती हातात पडल्यावर सिंहगड आणि रायगड कुठले सुचणार? मी जाहीर करून टाकले, की यंदा किल्ला नाही, बोरघाट!

विटा, गोणपाट आणि चिखल यांचा डोंगर उभा राहिला. त्यावर हळीव पेरले. रॉकेलच्या डब्याचा बोगदा झाला. मग रूळ मांडून मी चावी दिली. गाडी जेमतेम वीतभर चढली, चाके जागच्या जागी गरगरली आणि सगळी गाडी घसरत येऊन तुळशीवृंदावनापाशी आडवी झाली.

ओटीवर आजोबा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी रेल्वेत सांधेवाल्याची नोकरी केली होती आणि तीही बरीच वर्षे बोरघाटातच.

“चढ किती दिलास?” त्यांनी विचारले.

“थोडाच. हातभर लांबीला वीतभर उंची.”

“अरे, खऱ्या घाटात सगळ्यांत कठीण जागीसुद्धा ३७ फूट पुढं जावं, तेव्हा १ फूट वर चढतं. लोखंडावर लोखंडाचं चाक; त्याला पकड ती किती असणार?”

माझा डोंगर दोन विती उंच होता. मी वितीने अंगण मोजू लागलो. ७४ विती हव्या होत्या. तिशीलाच आडाचा कठडा आला.

“आजोबा, अंगण पुरत नाही!”

“सह्याद्रीत तरी कुठं पुरलं? म्हणून तर गाडी उलटी फिरवावी लागली.”

आणि त्यांनी अडकित्त्याच्या टोकाने चिखलात एक तिरपी रेघ ओढली; तिच्या टोकापासून दुसरी रेघ उलट दिशेने वर नेली. खंडाळ्याच्या खाली असे एक स्थानक होते. गाडी चढत यायची आणि पुढे मार्गच नसे. मग इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे. शेपटाचे तोंड व्हायचे आणि गाडी पुन्हा वर निघायची. तिथले सांधे आजोबांनी कितीदा बदलले असतील, याची गणतीच नाही. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते स्थानक बंद पडले. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, ‘दख्खनची राणी’ विजेच्या इंजिनामागे घाट चढू लागली.

त्या दुपारी आजोबांनी माझ्या डोंगराला दोन वळसे घातले आणि उतारावर सुटलेली गाडी अडवण्यासाठी चढता बाजूमार्गही काढला. खऱ्या घाटात अशी सोय आहे, हे मला तेव्हा कळले. चढ हलका झाल्यावर गाडी खरोखरच माथ्यावर पोहोचली. मी टाळ्या पिटल्या. आजोबा मात्र डोंगराकडे बघत राहिले.

“सगळं झालं. पण माणसं कुठं आहेत?”

“आहेत की! हा मावळा स्टेशनमास्तर.”

“ती नव्हेत रे. घाट ज्यांनी खणला ती.”

पुढची हकिगत त्या वयात मला अर्धीच कळली. उरलेली मोठेपणी वाचून भरून काढली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पण ती सपाटीवरची वाट होती. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधावे लागले. मजुरी थकल्यामुळे १८५९ साली मजुरांनी दंगा केला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. दोन इंजिनियरांच्या हाती काम सोपवून तिने ते तडीस नेले. १८६१ साली घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला.

ट्रेडवेलबाईंचे नाव ग्रंथांत आहे, आणि ते असायलाच हवे. पण पटकी आणि तापाने जी हजारो माणसे त्या डोंगरात गेली, त्यांची नावे कोण लिहिणार? त्यांतलेच एक आजोबांचे आजोबा होते. नवराबायको दोघे पाट्या टाकायला घाटावर गेली. परत आली ती एकटी बायको, कडेवर मूल घेऊन. ते मूल म्हणजे आजोबांचे वडील.

“आजी गाडीत कधी बसली नाही,” आजोबा म्हणाले. “घाटातून जायला नको म्हणायची.”

संध्याकाळी त्यांनी एक पणती माझ्या डब्याच्या बोगद्यापाशी ठेवली. मी काही विचारले नाही.

पुढे खेळातल्या गाड्यांचे वेड माझ्या मानगुटीवरून उतरलेच नाही. मेर्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ साली अशा गाड्यांच्या रुळांची ठरावीक मापे पाडली, तेव्हापासून जगभर हा छंद फोफावला. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली उघडले. तिथे मी नातवाचे बोट धरून तासन्‌तास उभा राहिलो आहे. नातू आता स्वतःच ८७ पट लहान गाड्या जमवतो. त्यांचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. ते विलायती मापाला बरोबर, पण आपल्या रुंद मार्गाला सव्वाएकोणीस हवेत, अशी त्याची तक्रार असते.

गेल्या वर्षी त्याने सगळा बोरघाट करायचे मनात घेतले आणि हिशेब मांडला. ८७ पट लहान केला, तरी रूळ सुमारे २९० मीटर लांब आणि चढ २१ फुटांचा!

“आजोबा, घर पुरत नाही हो!” तो म्हणाला.

मी त्याला जवळ बसवले आणि कागदावर एक तिरपी रेघ ओढली. मग तिच्या टोकापासून उलटी दुसरी. यंदा आम्ही दोघे खंडाळ्याखालचे ते जुने स्थानक तेवढे करतो आहोत. पुठ्ठ्याचे बोगदे तयार आहेत. पाटी घेतलेली माणसे बाजारात मिळत नाहीत. ती आम्ही शाडूची केली आहेत. पणती कुठे ठेवायची, ते मी त्याला सांगितले आहे.