तळटीप : खारघरचे शेक

१. खारघरचे शेक : नवी मुंबईत खारघरला असलेल्या टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेतली रेडिओथेरपी. तोंडा-घशाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेला असेल, तर सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरण देतात. सोबत सिस्प्लॅटिनची केमो, कारण त्या औषधाने गाठ किरणांना अधिक दाद देते. मान हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून मास्क करतात आणि रोज तो टेबलाला घट्ट अडकवतात. कथनातल्या वत्सलाबाईंचा जीव घुसमटतो तो या मास्कमध्येच. मूत्रपिंडे कमजोर असली किंवा ऐकू कमी येत असले, तर सिस्प्लॅटिन झेपत नाही. अशा ३५६ रुग्णांमध्ये टाटाच्याच डॉक्टरांनी डोसेटॅक्सेल या दुसऱ्या औषधाची चाचणी घेतली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसत्या किरणांवर दोन वर्षांनी ४१.७ टक्के रुग्ण हयात होते, डोसेटॅक्सेलची जोड दिल्यावर ५०.८ टक्के. ही फार मोलाची भर आहे. मात्र तोंड तीव्र सोलवटण्याचे प्रमाणही दुपटीहून अधिक झाले. कथनात हा त्रास एका वाक्यात उरकला आहे. प्रत्यक्षात तेव्हा थुंकी गिळणेही जड जाते आणि अनेकांना पातळ पेज नाकातल्या नळीवाटे द्यावी लागते. — संपा.