मर्दनविद्या आणि उतारवयांतील स्त्री

कोल्हापुरांत मर्दनाचा विषय निघाला कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम तालीम उभी राहते. शिवाजी पेठेंत तर हें विशेषच खरें आहे. खंडोबा तालीम, वेताळ तालीम, फिरंगाई तालीम हीं नांवें या पेठेंत पत्ता सांगतांनाही उपयोगी पडतात. राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें मल्लविद्या येथें भरभराटीस आली व १९१२ सालीं खासबागेचें मैदान तिला लाभलें. मल्लाचें अंग कसें रगडावें, लचकलेला स्नायु कसा उतरवावा, हें ज्ञान वस्तादाकडून पठ्ठ्याकडे चालत आलें व त्याचा गौरवही झाला. परंतु त्याच पेठेंतील माजघरांत, पाळी गेल्यानंतर जिचे खांदे, कंबर व गुडघे धरूं लागले त्या स्त्रीच्या अंगावरून जो हात फिरत आला, त्याची नोंद कोठें सांपडते? या प्रश्नाचा शक्य तितका मागोवा घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शास्त्रग्रंथांकडे वळूं. अंगास तेल लावणें तो अभ्यंग; जोर देऊन रगडणें तें मर्दन; चूर्णानें घासणें तें उद्वर्तन; स्नेहयुक्त कल्कानें चोळणें तें उत्सादन; आणि हलक्या हातानें चेपणें तें संवाहन. चरकाचार्यांनीं सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत अभ्यंगाचें जें समर्थन केलें आहे तें मोठें मार्मिक आहे. स्पर्शनेंद्रियांत वायूचें प्राधान्य आहे व स्पर्श त्वचेच्या आश्रयानें राहतो. म्हणून त्वचेस हितकर असा अभ्यंग वायूस जिंकतो, असा तो युक्तिवाद आहे. वाग्भटानें तो नित्य करावा असें सांगून मस्तक, कान व पाय यांवर विशेष भर दिला. तथापि कफग्रस्तानें, अजीर्ण झालेल्यानें व नुकतेंच शोधन घेतलेल्यानें तो वर्ज्य करावा, असा निर्बंधही घातला. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या मराठी भाषांतरामुळें वाग्भट महाराष्ट्रांतील घरोघरीं पोंचला, हें वाचकांस विदित आहेच.

आतां वयाचा विचार. रजोदर्शन सुमारें बाराव्या वर्षीं व रजःक्षय पन्नासाव्या वर्षीं, असें सुश्रुत व वाग्भट दोघेही सांगतात. परंतु हा क्षय त्यांनीं रोग म्हणून वर्णिला नाहीं, व त्यासमयीं होणाऱ्या पीडांसाठीं स्वतंत्र अध्यायही लिहिला नाहीं. रजःक्षय ही स्वाभाविक अवस्था असल्यामुळें तिला रोगांत न गणणें योग्यच होतें. अडचण निराळ्याच ठिकाणीं आहे. वयाच्या अंतिम भागांत वायु प्रबळ होतो हा सिद्धान्त सर्वमान्य आहे. परंतु हा अंतिम भाग केव्हां सुरू होतो? चरकाच्या विमानस्थानांत मध्यम वय साठीपर्यंत धरलें आहे. सुश्रुतानें तें सत्तरीपर्यंत नेलें आहे, जरी चाळिशीनंतर किंचित् हानि होत जाते असें त्यानें म्हटलें आहे. म्हणजे पन्नाशीची स्त्री रजःक्षयाच्या गणनेनें एक उंबरठा ओलांडते. परंतु वयोविभागाच्या गणनेनें ती अद्याप मध्यम वयांतच असते. ज्या वातपीडेनें ती रात्रीं कूस बदलूं शकत नाहीं, ती पीडा ग्रंथांत वृद्धाच्या नांवें लिहिलेली आहे. दोन गणनांमधील या दहा-वीस वर्षांच्या फटींत तिचें प्रकरण हरवलें, असें आमचें मत आहे.

मर्दनाच्या वर्णनांत स्त्रीचा उल्लेख मुळींच नाहीं असें मात्र नाहीं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत, चोविसाव्या अध्यायांत, उत्सादनामुळें विशेषतः स्त्रियांच्या शरीरास कांति येते असें म्हटलें आहे. चरकानें शारीरस्थानांत सूतिकेच्या पोटास तूप-तेल लावून तें वस्त्रानें वेष्टावें असें सांगितलें आहे. वात्स्यायनानें गणलेल्या चौसष्ट कलांत उत्सादन, संवाहन व केशमर्दन यांतील कौशल्य येतें. कौटिल्याच्या राजवाड्यांत राजास स्नान घालणें व त्याचें अंग चेपणें हीं कामें दासींकडे आहेत. येणेंप्रमाणें स्त्री कांतीसाठीं येते, प्रसूतीसाठीं येते, दुसऱ्याचें अंग चेपण्यासाठींही येते; परंतु कांति व प्रसूति हे दोन्ही विषय मागें पडल्यावर तिच्या स्वतःच्या दुखण्यासाठीं ती येत नाहीं.

पुरुषांची नोंद याच्या उलट आहे. मृच्छकटिकांतील संवाहक हें अंग चेपण्याच्या कलेवर उपजीविका करणारें पात्र सर्वपरिचित आहे. ज्या कल्याणीच्या चालुक्यांचें आधिपत्य आपल्या कोल्हापुरच्या शिलाहारांवर होतें, त्या कुळांतील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३०च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत राजाच्या स्नानोपभोगाचें व मल्लविनोदाचें सविस्तर निरूपण आहे. राजाचें शरीर व मल्लाचें शरीर हीं दोन्ही लेखनास पात्र ठरलीं. गृहिणीचें ठरलें नाहीं.

लेखन नव्हतें म्हणून उपचारही नव्हता, असें अनुमान करणें मात्र चुकीचें होईल. आपल्याकडे बाळंतिणीचें अंग रगडणें व तिला शेक-शेगडी देणें हें सुईणीचें किंवा घरांतील जाणत्या बाईचें काम असे. तोच हात पुढें त्याच स्त्रीच्या पन्नाशींत उपयोगी पडे. सासूचे पाय सून चेपी. कंबर धरली तर नातवंडास पाठीवर हलकेच पाय द्यावयास सांगत. कोमट तिळेल किंवा नारायण तेल जिरवून वर मिठाची पुरचुंडी तापवून शेकीत, अथवा निर्गुंडीचा पाला वा एरंडाचें पान गरम करून बांधीत. म्हशींची उस्तवारी, शेतावरचें काम, जातें व विहिरीचें पाणी यांनीं झिजलेल्या शरीरास हाच विसांवा होता. तालमींतील वस्ताद लचक, उसण काढीत. परंतु तालमीचा उंबरठा स्त्रीसाठीं नव्हता. म्हणून तालमीची विद्या माजघरांत आली नाहीं, व माजघरांतील विद्येस वस्ताद हें नांव मिळालें नाहीं.

येथें इंग्लंडांतील एक घडामोड तुलनेस घेण्यासारखी आहे. तेथेंही मर्दनाच्या व्यवसायाविषयीं प्रवाद उठले होते. तेव्हां १८९४ सालीं ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली व मार्गारेट पामर या चार परिचारिकांनीं प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापिली. परीक्षा व आचारनियम घालून दिले. १९२० सालीं तिला राजसनद मिळाली, आणि आजची फिजिओथेरपी ही त्या वृक्षाची एक प्रमुख शाखा होय. आपल्याकडे त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या आरंभीं, शाहू महाराजांच्या साहाय्यानें परदेशीं शिकून आलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर कोल्हापुरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत, म्हणजे आजच्या छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत, स्त्रियांवर उपचार करूं लागल्या. स्त्रीवैद्य आली, परंतु जाणत्या बायांच्या हातांतील कसब परीक्षेच्या व पुस्तकाच्या कक्षेंत आलें नाहीं. तिकडे हाताची विद्या स्त्रियांनींच कागदावर आणली. इकडे ती हाताबरोबरच लोपत गेली.

आजचें वैद्यक या विषयाकडे कसें पाहतें, हेंही सांगणें अवश्य आहे. पाश्चात्य वैद्यकांत या अवस्थेचें ‘मेनोपॉज’ हें नांव फ्रेंच वैद्य गार्दान यानें १८२१ सालीं रूढ केलें; परंतु त्या वयांतील स्नायु व सांध्यांच्या दुखण्यांना एकत्रित नांव देण्याचा प्रस्ताव अगदीं अलीकडे, २०२४ सालीं, डॉ. व्होंडा राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडला. त्यांच्या निबंधाप्रमाणें शेंकडा ७० हून अधिक स्त्रियांस या काळांत अशा तक्रारी जाणवतात. इस्ट्रोजेन हा अंतःस्राव घटला म्हणजे स्नायूंचें बळ, हाडांची घनता व सांध्यांचें स्वास्थ्य या सर्वांवर परिणाम होतो, ही त्यामागील उपपत्ति. म्हणजे तेथेंही हें प्रकरण दोनशें वर्षें फटींतच पडून होतें. केवळ आपल्याच पूर्वजांस दोष देण्याचें कारण नाहीं.

मर्दनाचा गुण किती, याविषयीं अतिशयोक्ति नको. त्यानें आखडलेले स्नायु सैल होतात, वेदना कांहीं काळ शमते, झोंप बरी लागते. परंतु घटलेला अंतःस्राव त्यानें परत येत नाहीं, कीं हाडें भरून येत नाहींत. त्यासाठीं स्नायूंस जोर पडेल असा व्यायाम, योग्य आहार व वैद्याचा सल्ला हींच साधनें होत. शिवाय या वयांत हाडें ठिसूळ होऊं लागतात. म्हणून मल्लाच्या अंगास मानवणारी रगड, किंवा पाठीवर पाय देण्याची जुनी रीत, या शरीरास अपायकारक होऊं शकते. कण्याचा मणका दबण्याचें भय असतें. सुजलेला व तापलेला सांधा, अथवा एकाच पायाच्या पोटरीस अकस्मात् आलेली सूज, यांवर हात चालवूं नये; आधीं वैद्यास दाखवावें. मर्दन व संवाहन यांसाठीं शास्त्रकारांनीं दोन निराळे शब्द योजिले, त्यांतील विवेक येथें उपयोगी पडतो. या वयास संवाहन हवें, मल्लमर्दन नव्हे.

असो. इतिहासाचें साधन म्हणजे केवळ ताम्रपट, बखर व दफ्तर नव्हे. ज्या गोष्टी लिहिण्यास कोणास सुचलें नाहीं, त्या अद्याप कांहीं वृद्ध स्त्रियांच्या हातांत व बोलण्यांत शिल्लक आहेत. कोणतें तेल, कोणता पाला, किती जोर, कोणत्या दुखण्यास हात लावावयाचा नाहीं, आणि हें त्या कोणाकडून शिकल्या, एवढे प्रश्न पेठेपेठेंत विचारून उत्तरें टिपून ठेवलीं, तर एक साधनसंग्रह उभा राहील. तालमींचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत व पुढेंही होतील. त्याची साधनें सुरक्षित आहेत. माजघरांतील साधनें मात्र माणसाच्या आयुष्याइतकींच टिकाऊ आहेत. मंडळाच्या सभासदांनीं, विशेषतः ज्यांस माजघरांत सहज प्रवेश आहे अशा विदुषींनीं, हें कार्य विलंब न लावतां हातीं घ्यावें, अशी नम्र विनंति आहे.