जिभेची ठेवण

बोलणे, चावणे, गिळणे यांपैकी काहीच चालू नसताना जीभ तोंडात जिथे विसावते ती जागा. ओठ मिटलेले, श्वास नाकाने, जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागच्या उंचवट्यापाशी पण दातांना न टेकणारे आणि बाकीची जीभ टाळूला हलकेच लागलेली, ही ठेवण निरोगी मानतात. तोंडाने श्वास घेणाऱ्याला ती जमत नाही. हवेला वाट द्यायची तर जीभ खाली उतरवावीच लागते.

दातांना आतून जिभेचा आणि बाहेरून ओठ-गालांचा दाब सोसावा लागतो. जीभ पुढे रेटून गिळण्याच्या सवयीने वरच्या-खालच्या पुढच्या दातांत फट पडते, असा दंतवैद्यांचा जुना संशय होता. अमेरिकी दंतवैद्य विल्यम प्रॉफिट यांनी 1978 मध्ये त्याला छेद दिला. दाब किती, यापेक्षा तो किती वेळ टिकतो हे दात हलण्यासाठी महत्त्वाचे असते. गिळतानाचा जोर मोठा असला तरी क्षणभराचा. विसावलेल्या जिभेचा दाब हलका, पण तासन्‌तास चालणारा. शिवाय तान्ही मुले जीभ पुढे आणूनच गिळतात. मोठेपणी तसे गिळणाऱ्याच्या तोंडात बहुधा आधी दातांत फट असते आणि ती बुजवायला जीभ पुढे येते.

मग आधी काय बिघडते, जीभ की नाक? एगिल हार्वोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात ऱ्हीसस माकडांच्या नाकपुड्या सिलिकॉनच्या बुचांनी बंद केल्या. प्रयोग निर्दय होता, पण उत्तर बोलके मिळाले. कुणी तोंड कायम उघडे ठेवले, कुणी श्वासागणिक जबड्याची उघडमीट केली, कुणी जीभ बाहेर काढली. ज्याची जशी युक्ती, तशी त्याच्या दातांची घडी विस्कटली. म्हणून मूल सतत तोंड उघडे ठेवत असेल तर जिभेला वळण लावण्याआधी नाक तपासायला हवे. नाकामागे वाढलेले अ‍ॅडेनॉइड, ॲलर्जीची सर्दी, नाकातला वाकडा पडदा यांपैकी काहीतरी अनेकदा सापडते. तोंडाने श्वास घेतल्यास लाळ सुकते, वरच्या पुढच्या हिरड्या लाल होऊन सुजतात आणि दात किडण्याचा धोका वाढतो.

झोपेत प्रश्न जिवाशी येतो. हनुवटीमागून जिभेत पंख्यासारखा पसरणारा जिनिओग्लॉसस हा स्नायू जागेपणी जीभ पुढे ओढून घशाची वाट मोकळी ठेवतो. झोपेत तो सैलावतो. उताणे झोपल्यावर जीभ मागे सरते. वाट अरुंद झाली की घोरणे, पूर्ण बंद झाली की श्वास थांबणे, म्हणजे स्लीप ॲप्निया. साओ पाउलोमध्ये मध्यम ॲप्निया असलेल्या 31 रुग्णांवर झालेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिने जीभ-टाळू-घशाचे व्यायाम करणाऱ्या गटाचे श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले. स्वित्झर्लंडमध्ये तर 2006 साली ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे वाद्य वाजवायला शिकवल्यावर रुग्णांची दिवसाची पेंग कमी झाल्याचे दिसले. तरीही तीव्र ॲप्नियाला व्यायाम पुरत नाहीत; तिथे मास्कमधून दाबाने हवा सोडणारे सीपॅप यंत्रच प्रमुख उपचार.

समाजमाध्यमांवर गाजणारे ‘म्यूइंग’ हे नाव ब्रिटिश दंतवैद्य जॉन म्यू यांच्यावरून पडले. जीभ टाळूला दाबून धरली की जबडा रेखीव होतो, हा त्यामागचा दावा; प्रौढांचे हाड याने बदलते असा भक्कम पुरावा नाही. जिभेखालचा पडदा आखूड असलेल्या बाळांवर सरसकट कात्री चालवण्याबद्दलही अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने 2024 मध्ये सावध केले. आधी स्तनपानाची तपासणी आणि मदत, मग गरज उरलीच तर छेद.